आनंदाची सक्ती

दमणगंगेकाठच्या सिल्वासा शहरात कारखान्यांच्या ओढीने दूरदूरची कुटुंबे येऊन राहिली आहेत. डोकमर्डीसारख्या भागात असे एखादे नवे बिऱ्हाड थाटले जाते तेव्हा वडिलांना काम मिळते, आई घर लावते. परंतु मुलाचे मागे काय राहिले, याची विचारपूस सहसा होत नाही. २०१५ साली प्रदर्शित झालेल्या ‘इनसाइड आउट’ या अमेरिकी चित्रपटाचा विषय नेमका हाच आहे.

पीट डॉक्टर यांचा हा अद्भुतरम्य चित्रपट रायली या ११ वर्षांच्या मुलीच्या मनात घडतो. मिनेसोटातील घर व मैत्रीण मागे टाकून तिला सॅन फ्रान्सिस्कोस यावे लागते. आनंद, दुःख, भय, क्रोध आणि तिटकारा या भावना येथे पात्रे होऊन वावरतात. आनंद हा त्यांचा कारभारी. दुःखाने रायलीच्या आठवणींना स्पर्शही करू नये, म्हणून त्याची अखंड धडपड चाललेली असते.

हा चित्रपट प्रत्येकाने आपापल्या परीने वाचला. मुलांना ती गमतीची सफर वाटली. रायलीचा काल्पनिक सवंगडी बिंगबाँग विस्मृतीच्या दरीत विरून गेला, तेव्हा मोठ्यांचे डोळे पाणावले ते स्वतःच्या सरलेल्या बालपणासाठी. माणूस म्हणजे भावनांच्या हातची कळसूत्री बाहुली काय, असा आक्षेपही काहींनी घेतला. तो अगदीच पोकळ नाही. मात्र रूपकाला यंत्राचा नकाशा मानले की असा घोटाळा होणारच.

आमच्या मते चित्रपटाचे मर्म अन्यत्र आहे. आपली लाडकी गाडी गमावलेल्या बिंगबाँगला आनंद हसवू पाहतो, पण व्यर्थ. दुःख केवळ शेजारी बसून ऐकून घेते; तो रडतो आणि पुन्हा चालू लागतो. रायलीची आईही तिला वडिलांसाठी हसतमुख राहण्यास सुचवते. त्या प्रेमळ सक्तीची परिणती मुलगी घर सोडून निघण्यात होते. ती परत येऊन रडते, आईवडीलही जुन्या घराची आठवण कबूल करतात, तेव्हाच ते घर पुन्हा सांधते.

हा विचार आपणांस परका नाही. शोक हा करुण रसाचा स्थायिभाव, असे आपले साहित्यशास्त्र सांगते. भवभूतीने तर करुणालाच सर्व रसांचे मूळ मानले. त्याच २०१५ साली चित्रपटगृहांत आलेल्या अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’मधील चिन्मयही ११ वर्षांचाच. वडील गेलेले, आईची बदली झालेली. पुणे सोडून तो कोकणात येतो. तेथे अद्भुत काही नाही, पण मुलाच्या मनातील पोकळी तीच आहे.

तेव्हा डोकमर्डीत काय किंवा रत्नागिरीत काय, नव्या शाळेतून मूल मुकाट्याने घरी आले, तर त्याला ‘रडतोस काय?’ असे दटावू नये आणि घाईने खाऊही पुढे करू नये. घटकाभर त्याच्याजवळ बसावे. आपल्यालाही जुने घर आठवते, एवढे सांगितले तरी त्याचा एकाकीपणा निम्मा होईल.