हिवाळी सुट्टी, गावचे पाणी आणि परतीचा ताप

डिसेंबरचा तिसरा आठवडा उजाडला की आपल्याकडे पाहुण्यांची वर्दळ सुरू होते. बेंगळुरू-हैदराबादला नोकरीला असलेली मुले, बडोद्याला दिलेली लेक, अमेरिकेत स्थायिक झालेला धाकटा. तिकडे नाताळची सुट्टी, इकडे हुरड्याचे दिवस आणि पुढे संक्रांत. दोन-तीन आठवड्यांच्या मुक्कामाने घर भरून जाते. चौथ्या-पाचव्या दिवसापासून आमचा दवाखानाही भरू लागतो.

या पाहुण्यांचे एक वाक्य ठरलेले असते. "डॉक्टर, मी याच गावात वाढलो, नदीचे पाणी प्यालो. मग मला कसे काय झाले?"

तो प्यालेला असतो हे खरेच. लहानपणी रोज थोडेथोडे जंतू पोटात जात आणि शरीर त्यांच्याशी लढायला शिकत असे. पण ही प्रतिकारशक्ती म्हणजे जन्मभराचे पेन्शन नव्हे. दहा-पंधरा वर्षे स्वच्छ पाण्यावर काढली की ती उतरते. हिवतापाचेही तसेच. दूषित पाण्यातून होणारी 'ए' प्रकारची कावीळ तेवढी एकदा होऊन गेली की सहसा पुन्हा होत नाही, आणि आपल्या पिढीत ती अनेकांना लहानपणीच, कळतही नाही अशी होऊन गेलेली असते. म्हणजे बापाला संरक्षण आहे. तिकडे जन्मलेल्या मुलाला मात्र लस दिली असेल तरच.

गंमत अशी की परका पर्यटक अधिक सावध असतो. तो निघण्यापूर्वी डॉक्टरांना भेटतो, लसी घेतो, सीलबंद पाणी पितो. आपला माणूस घरीच तर चाललोय म्हणून काहीच करत नाही, आणि आल्यावर आजीच्या हातचे नाही म्हणणार कसे? म्हणूनच टायफॉइड आणि हिवताप हे दोन्ही आजार साध्या पर्यटकांपेक्षा नातेवाइकांकडे जाणाऱ्या प्रवाशांत जास्त आढळतात.

तेव्हा यजमान मंडळींनीच थोडे मनावर घ्यावे. आगटीतून काढलेला गरम हुरडा निर्धास्त खाऊ द्या. जपायचे ते सोबतच्या चटणी-दह्याला, कच्चे पाणी घातलेल्या ताकाला आणि न धुतलेल्या हातांना. गुऱ्हाळातली गरम काकवी चालेल. बर्फ घातलेला उसाचा रस नको. बर्फाने जंतू मरत नाहीत. पिण्याचे पाणी खळखळून उकळी आल्यावर मिनिटभर उकळू द्यावे, झाकून ठेवावे आणि हात न बुडवता ओगराळ्याने काढावे. "आमच्या बोअरच्या पाण्याला काही होत नाही" हे मला अनेक घरांत ऐकवले जाते. पाणी दिसायला स्वच्छ आहे यावरून त्यात जंतू नाहीत असे ठरत नाही.

जुलाब लागलेच तर पहिले औषध जलसंजीवनी. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत कॉलराची साथ पसरली तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच मीठ-साखरेच्या पाण्यावर असंख्य जीव वाचवले. मोठे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच कालवायचे असते. चिमूटभर पूड ग्लासात टाकून पिणारे सुशिक्षित लोक मी रोज पाहतो. लहान पाकिटेही मिळतात, म्हणून पाकिटावरचे प्रमाण वाचावे. लहान मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्याने १४ दिवस झिंक द्यावे. कपाटातली जुनी अँटिबायोटिक मात्र बाहेर काढू नये. शौचात रक्त, भरलेला ताप, सहा-सात तास लघवी नाही किंवा मूल मलूल पडले तर लगेच दवाखाना गाठावा.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट पाहुणे परत गेल्यानंतरची आहे. टायफॉइडचे जंतू पोटात गेल्यावर ताप यायला साधारण एक ते तीन आठवडे लागतात. हिवतापाला निदान आठवडा, आणि त्याचा एक प्रकार तर कित्येक महिन्यांनीही डोके वर काढतो. म्हणजे दुखणे इथे घेतलेले आणि ताप न्यू जर्सीत आलेला! तिकडे जानेवारीत फ्लूची साथ असते, त्यामुळे तिकडच्या डॉक्टरांचे पहिले लक्ष फ्लूकडेच जाते. म्हणून ताप आल्यास पहिल्याच भेटीत सांगावे, "मी नुकताच भारतात जाऊन आलो." मग हिवतापासाठी आणि टायफॉइडसाठी रक्त तपासले जाते. हेही सांगावे की आपल्याकडच्या टायफॉइडच्या जंतूंवर सिप्रोफ्लॉक्सासिन आता बहुधा चालत नाही. पुढच्या खेपेला निघण्यापूर्वी निदान दोन आठवडे आधी टायफॉइडची लस घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये शिफारस केलेली नवी लस सहा महिन्यांच्या बाळापासून देता येते, आणि एकच मात्रा असते.

आता पाहुण्यांच्या बॅगेविषयी. परदेशातून येणारे लेक-जावई चॉकलेटांबरोबर वेदनाशामक गोळ्यांच्या मोठमोठ्या बाटल्या आणतात. "बाबांचे गुडघे दुखतात ना!" हेतू प्रेमाचा. पण रक्तदाबाची आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असलेल्या सत्तरीच्या माणसाने आयबुप्रोफेन दिवसातून तीनदा घेतली, तर रक्तदाब चढतो, पायांवर सूज येते आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. दुसरी गफलत नावाची. आपल्या पॅरासिटामॉललाच अमेरिकेत ॲसिटामिनोफेन म्हणतात. दोन्ही वेगळ्या समजून एकत्र घेतल्या तर दुप्पट मात्रा पोटात जाते आणि यकृताला धोका होतो.

इकडे आई-वडिलांचीही एक खोड असते. पाहुणे असेपर्यंत आपले दुखणे काढायचे नाही. सकाळी साताला चुलीपाशी उभी राहिलेली आजी साखरेची गोळी विसरते, आजोबा जिन्यावर लागणारी धाप लपवतात. थंडीत रक्तदाब तसाही वाढतो. फोनवर "आम्ही मजेत" एवढेच ऐकणाऱ्या मुलांना हे कळणार कसे? तेव्हा एक दुपार मोकळी काढून आईच्या गोळ्यांचा डबा शेजारी बसून पाहा. मुदत संपलेल्या गोळ्या, दोन डॉक्टरांनी दोन नावांनी लिहून दिलेले एकच औषध, मध्येच बंद केलेली पट्टी, सगळे त्यात सापडेल. मग त्यांना घेऊन त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. निघायच्या आदल्या दिवशी मात्र नको. रिपोर्ट यायला आणि बदललेले औषध मानवते का हे पाहायला निदान आठवडा हाताशी हवा. येताना गोळ्यांची पिशवी रिकाम्या पट्ट्यांसकट सोबत आणावी.