रक्तात किती, वावरात किती?

थकलेलं मन : भाग ५

गेल्या आठवड्यातला कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकावरचा भाग वाचून भोकरदन तालुक्यातल्या, गावात आरोग्याचं काम करणाऱ्या एका आशाताईंनी मला गाठलं. म्हणाल्या, “आम्ही दोघी एकाच गावात, एकाच महिन्यात आशा झालो. ती अजून हसत घरोघर फिरते. मला नुसता फोन वाजला तरी धस्स होतं. कुणाच्या दारात जाऊ वाटत नाही. माझी माय बी अशीच होती. मग हे आमच्या रक्तातच हाय का?”

थकवा, कामापासून मन तुटणं आणि ‘आपल्याच्यानं होत नाही’ ही भावना. बर्नआउट म्हणतात ते हेच. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये त्याला आजारांत न धरता कामाच्या दीर्घ ताणातून येणारी अवस्था म्हटलं.

रक्ताचा प्रश्न जुळ्यांकडून सोडवतात. एकबीज जुळ्यांची जनुकं जवळपास सारखीच असतात. द्विबीज जुळी इतर भावंडांसारखीच. पहिल्या जोड्यांमध्ये थकव्याचं साम्य जास्त दिसलं, तर त्यात वारशाचा हात असणार. स्वीडनमध्ये २०१२ मध्ये वीस हजारांहून अधिक जुळ्यांवरून असा हिशेब मांडला गेला आणि वारशाचा वाटा ३३ टक्के निघाला.

पण ताईंच्या थकव्यातला एक तृतीयांश मायकडून आला, असा याचा अर्थ नाही. पिंपळगाव रेणुकाईकडचं मिरचीचं वावर डोळ्यांसमोर आणा. एकाच ठिबकवर दोन वाणांची रोपं लावली आणि वाढीत फरक पडला, तर तो बियाण्याचा. तेच बियाणं शेजारच्या कोरड्या वावरात लावलं आणि खुरटलं, तर बियाण्याला बोल लावाल का? ३३ टक्के हा आकडा माणसामाणसांतल्या फरकाचा आहे, आणि वावर बदललं की तोही बदलतो. ‘तुझा स्वभावच नाजूक’ म्हणणाऱ्या कुठल्याही वरिष्ठाच्या हाती तो अर्धवट समजुतीनं पडू नये, असं मला कळकळीनं वाटतं.

नेमकं जनुक कोणतं? २००३ मध्ये न्यूझीलंडमधल्या एका गाजलेल्या अभ्यासानं सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन वाहून नेणाऱ्या प्रथिनाच्या जनुकाकडे बोट दाखवलं. त्याचा आखूड प्रकार असलेल्यांना आघातांनंतर नैराश्य जास्त येतं, असं म्हटलं गेलं. २०१९ मध्ये लाखो लोकांची माहिती चाळली, तेव्हा तो दुवा टिकला नाही. नैराश्यामागे असंख्य जनुकं असतात आणि प्रत्येकाचा वाटा चिमूटभर, असंच आता दिसतं. बर्नआउटचं वेगळं निघेल असं वाटत नाही.

ताणही जनुकांवर खुणा करत असावा. फिनलंडमधल्या एका छोट्या अभ्यासात जास्त ताणाच्या जागी काम करणाऱ्या परिचारिकांमध्ये सेरोटोनिनच्या त्याच जनुकावरच्या मिथाइल नावाच्या रासायनिक खुणा कमी आढळल्या. जनुकाची अक्षरं तीच राहतात, ती किती वाचली जावीत हे अशा खुणा ठरवतात. एवढ्या अभ्यासावरून कारण ठरत नाही, पण शोधाची दिशा कळते.

आता ताईंचं वावर. आशा योजना २००५ ची, साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा. नेमणूक स्वयंसेविकेची, मोबदला मूळ रचनेत बहुतांश कामागणिक. दवाखान्यात बाळंतपण झालं, तरी ४२ दिवसांत घरी सहा भेटी. बाळाचं वजन, ताप, अंगावरचं दूध, शिवाय लसीकरण आणि सर्वेक्षणं. रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्येच मांडलं होतं की कामाचा रेटा मोठा आणि ते कसं करायचं याचा अधिकार कमी, तिथे माणूस लवकर झिजतो. जून २०२१ मध्ये, करोनाच्या धामधुमीत, राज्यभरातल्या आशा संपावर गेल्या त्या मुख्यतः मोबदल्यासाठी. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं देशभरातल्या आशांचा गौरव केला.

मी ताईंना दोघींच्या घरांची विभागणी विचारली. मैत्रिणीकडे मारुतीच्या पाराभोवतीच्या गल्ल्या. ताईंकडे नाल्यापलीकडच्या चार शेतवस्त्या. पावसाळ्यात चप्पल हातात घेऊन, पिशवीतला वजनकाटा डोक्यावर धरून जायचं. मोबदल्याचा दर दोघींना सारखाच.

ताई रजिस्टरच्या मागच्या कोऱ्या पानावर त्या वस्त्यांची अंतरं लिहायला लागल्या. “हे कुणी विचारलंच नव्हतं,” त्या म्हणाल्या आणि चौथ्या वस्तीचा आकडा लिहिला.