निहारी आणि आपली न्याहारी

वाचकहो, आपली गाडी लखनौच्या चारबाग स्थानकावर पहाटे पोहोचली, तर घाईघाईने चहाचा पेला रिता करून लगेच शहर पाहण्यास निघू नका. स्थानकाबाहेर येऊन एकदा मागे वळून पाहा. १९१४ साली पायाभरणी झालेली ही तांबड्या-पांढऱ्या रंगाची, घुमट आणि छत्र्यांनी नटलेली वास्तू एखाद्या राजवाड्यासारखी भासते. परंतु या शहराचा खरा परिचय व्हावयाचा असेल, तर तो एखाद्या जुन्या गल्लीतील साध्या बाकावर, न्याहारीच्या वेळी होतो.

न्याहारी हा शब्द येथे मुद्दाम योजिला आहे. अरबी भाषेत ‘नहार’ म्हणजे दिवस. दिवसाच्या आरंभी खावयाची ती निहारी. हाच शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला आणि त्याची ‘न्याहारी’ झाली. आपल्या शेतकऱ्याच्या बांधावरची भाकरी-कांद्याची न्याहारी आणि लखनौची रात्रभर शिजलेली, मांसाचा दाट रस्सा असलेली निहारी या एकाच घराण्यातील दोन बहिणी आहेत.

स्थानकाच्या आसपास खाण्याची ठिकाणे पुष्कळ आहेत. पण निहारीचे नाव काढताच जाणते लोक चौक भागाकडे बोट दाखवितात. हा जुना भाग चारबागहून पाचएक किलोमीटरवर आहे आणि ई-रिक्षाने तेथे सहज जाता येते. १९०५ साली सुरू झालेले टुंडे कबाबींचे मूळ दुकान याच भागातले, आणि अकबरी दरवाज्याजवळचे रहीम यांचे निहारी-कुलच्याचे दुकानही येथलेच. येथे थाटमाट शोधू नये. मोठी देग, तीतून रस्सा वाढणारा माणूस, धगधगता तंदूर आणि दाटीवाटीने बसलेली गिऱ्हाइके, एवढाच येथला सरंजाम. कोणत्या प्राण्याचे मांस आहे, हे मागणी करण्यापूर्वी निःसंकोचपणे विचारून घ्यावे. त्यात कोणासही वावगे वाटत नाही.

समोर ताटली येते. वर तुपाचा तवंग, त्याखाली तपकिरी दाट रस्सा, आणि बोटाच्या नुसत्या दाबाने सुटणारे मांस. सोबत तंदुरातून नुकताच काढलेला दुपदरी कुलचा. वरचा पदर खुसखुशीत, आतला मऊ. आल्याचे बारीक काप, हिरवी मिरची आणि कोथिंबीर भुरभुरवावी, वर लिंबू पिळावे आणि कुलच्याचा तुकडा रश्शात बुडवून खावा. पहिल्या घासाला तिखटाचा ठसका लागत नाही. बडीशेप, सुंठ, वेलदोडा, जायपत्री यांचा सुगंध मागाहून हळूहळू उमलत जातो. ज्या नगरीत १९२६ साली पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी संगीताचे महाविद्यालय उभे केले, त्या नगरीचे हे खाणेही विलंबित लयीतलेच आहे!

या चवीचे मर्म कशात आहे? ते महागड्या जिनसांत नाही. निहारीस लागते ते पायाच्या नळीकडचे चिवट मांस. घाईने शिजविले तर ते दाताखाली चामड्यासारखे लागते. पण मंद विस्तवावर सहा-आठ तास ठेविले, म्हणजे त्यातील चिवट तंतू विरघळतात आणि त्यांचे जिलेटिन होऊन रश्शाला दाटपणा येतो. मसाल्याची पुरचुंडी आतच उकळत राहते, आणि शेवटी भाजलेल्या पिठाने रस्सा मिळून येतो. वाफ कोंडून राहावी म्हणून देगीचे झाकण कणकेने लिंपण्याचीही रीत आहे. आपल्या आज्या चुलीच्या वैलावर डाळीचे भांडे ठेवून शेतावर जात असत, त्यामागेही हेच शहाणपण होते. चुलीची उरलेली ऊब वाया जाऊ द्यावयाची नाही, आणि कठीण जिन्नस धीराने मऊ करावयाचा.

या धीराने शिजविण्याविषयी लखनौमध्ये एक आख्यायिका सांगतात. १७८४ च्या सुमारास अवधमध्ये मोठा दुष्काळ पडला. लोकांच्या हाताला काम मिळावे म्हणून नवाब आसफउद्दौला याने बडा इमामबाडा बांधावयास काढला. काम करणाऱ्यांसाठी मोठमोठ्या देगी रात्रंदिवस मंद आचेवर ठेविलेल्या असत, आणि त्यांच्या सुवासाने मोहित होऊन नवाबाने ती पद्धत आपल्या मुदपाकखान्यात नेली, असे म्हणतात. कथेतील तपशील कसाही असो, तिचा आशय मोलाचा आहे. भुकेल्या श्रमिकाचे अन्न राजाच्या पंगतीस गेले, असे हे शहर आजही अभिमानाने सांगते.

आता पुन्हा आपल्या बाकाकडे येऊ. आपल्या शेजारी कोण बसले आहे? कदाचित रात्रपाळी करून आलेला हमाल, कदाचित एखादा वकील, कदाचित आपल्यासारखाच परगावचा प्रवासी. एकमेकांचे नाव-गाव न विचारता सारे एकाच देगीतले खातात. हे दृश्य आज साधे वाटते. परंतु ते फुकट मिळालेले नाही. १९१६ च्या डिसेंबरमध्ये लोकमान्य टिळक काँग्रेसच्या अधिवेशनासाठी याच लखनौमध्ये आले होते आणि काँग्रेस व मुस्लिम लीग यांच्यातील सुप्रसिद्ध करार तेव्हाच झाला. पण त्या काळी रेल्वेच्या स्थानकांवर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ अशा वेगवेगळ्या आरोळ्या ऐकू येत. नेत्यांचा करार झाला, तरी तहानलेल्यांचे पाणी वेगळेच राहिले. आणि ज्यांना गावच्या पाणवठ्यावरही मज्जाव होता, त्यांच्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर जाऊन ओंजळभर पाणी प्यावे लागले, हे महाराष्ट्रातील वाचकांस सांगावयास नकोच.

२६ जानेवारी १९५० रोजी अंमलात आलेल्या राज्यघटनेने आपल्या १५ व्या अनुच्छेदात निःसंदिग्धपणे सांगितले की, धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांच्या कारणावरून दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, विहिरी व तलाव यांच्या वापरापासून कोणाही नागरिकास दूर ठेविता येणार नाही. गल्लीतील त्या लाकडी बाकाला घटनेचा आधार आहे, ही गोष्ट कुलच्याचा तुकडा मोडताना क्षणभर आठवून पाहावी. मात्र कायदा दार उघडून देतो. शेजाऱ्यासाठी बाकावर सरकून जागा करणे हे ज्याचे त्यानेच करावयाचे असते.

३१ ऑक्टोबर २०२५ रोजी युनेस्कोने लखनौला पाककलेच्या सर्जनशील नगरांत स्थान दिले. हा गौरव जितका नवाबांच्या मुदपाकखान्याचा, तितकाच रात्रभर जागून विस्तव सांभाळणाऱ्या निनावी आचाऱ्यांचाही आहे, असे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा.

घरी परतल्यावर या धड्याचा उपयोग शाकाहारी कुटुंबांनाही होईल. राजमा, हरभरे किंवा अख्खे उडीद रात्री भिजत घालावेत, सकाळी शिट्ट्यांची घाई न करता आधी चांगली उकळी आणावी आणि मग मंद आचेवर पुरते मऊ होऊ द्यावेत. वाढताना लिंबू अवश्य पिळावे, कारण कडधान्यातील लोह अंगी लागण्यास त्यातील ‘क’ जीवनसत्त्वाचे साहाय्य होते. उरलेले तासन् तास कोमट ठेवू नये. ते थंड जागी ठेवून खाण्यापूर्वी पुन्हा चांगले उकळावे.

आणि भांडे थोडे मोठेच घ्यावे. चारबागला परतताना आपल्याबरोबर न्यावयाची शिदोरी हीच आहे. रात्रभर राखलेला विस्तव सकाळी एकट्यासाठी नसतो. दाराशी कोणी आले, तर त्यालाही म्हणता आले पाहिजे, “या, बसा, न्याहारी करून जा.”