विंडोज विकणारी कंपनी आता कशावर कमावते?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट या अमेरिकन कंपनीने आपल्या 'विंडोज १०' या प्रणालीची नियमित सेवा थांबविली. तळोद्याच्या बाजारपेठेत ज्या दुकानांची बिले संगणकावर निघतात, तेथे त्या दिवसांत हाच विषय होता. आमच्या कापड दुकानातील संगणकही याच प्रणालीवर होता. नवी 'विंडोज ११' कंपनी फुकट देत होती. मात्र बऱ्याच जुन्या संगणकांवर ती चालत नाही. शेजारच्या एका तरुण दुकानदाराने आम्हास विचारले, "शेठ, ज्या मालावर ही कंपनी मोठी झाली, तोच माल ती फुकट वाटते. मग हिचा गल्ला भरतो कशाने?"

प्रश्न साधा आहे, पण व्यापाऱ्याने विचारावा असाच आहे. त्याचे उत्तर शोधताना आम्हास जे समजले, ते व्यापारी बांधवांपुढे ठेवीत आहोत.

मुनीम पुरविण्याचा धंदा

प्रथम विंडोज म्हणजे काय ते पाहू. मोठ्या पेढीवर मुनीम असतो. कोणती वही कोठे आहे, कोणास काय द्यायचे, कोणते काम आधी करायचे, हे तो पाहतो. मालकाने हुकूम द्यावा आणि मुनीमाने तो अमलात आणावा. संगणकात हे काम जी प्रणाली करते तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. विंडोज ही तशी प्रणाली आहे.

बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांनी १९७५ साली मायक्रोसॉफ्ट सुरू केली. पुढे आयबीएम या बलाढ्य कंपनीस आपल्या छोट्या संगणकासाठी अशी प्रणाली हवी होती. मायक्रोसॉफ्टने सिएटलच्या एका लहान कंपनीकडून एक तयार प्रणाली घेतली, तिच्यात सुधारणा केल्या आणि ती आयबीएमला पुरविली. पण करार करताना एक गोष्ट हातची सोडली नाही. हीच प्रणाली इतर संगणक कारखानदारांना विकण्याचा हक्क तिने आपल्याकडे ठेवला. १९८१ साली आयबीएमचा संगणक बाजारात आला. त्याच नमुन्याचे संगणक इतर अनेकांनी बनविले, आणि त्या प्रत्येकास मायक्रोसॉफ्टच्या दारात यावे लागले. १९८५ साली विंडोजची पहिली आवृत्ती निघाली आणि १९९५ साली 'विंडोज ९५'ने जगभर धूम केली.

या धंद्यातील खुबी कापडवाल्यास लगेच कळेल. आमचा तागा एकदा कापून विकला की संपला. दुसरा सुरतेहून आणावा लागतो. विंडोजचा तागा कितीही कापला तरी संपत नाही. एकदा तयार केलेल्या प्रणालीची दुसरी प्रत काढण्यास जवळपास काही खर्च नाही. संगणक बनविणारा कारखानदार प्रत्येक संगणकामागे ठराविक रक्कम कंपनीस देई आणि ती संगणकाच्या किमतीत मिसळून आपल्याकडून वसूल करी. आपण विंडोज विकत घेतले, हे आपल्या ध्यानातही येत नसे.

आणि गिऱ्हाईक विंडोजच का घेई? कारण बाकीची कामाची साधने त्यावर चालत. व्यापाऱ्यांचे हिशेब 'टॅली'वर, मराठी मजकूर पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या 'श्रीलिपी'वर आणि उर्दू मजकूर 'इनपेज'वर लागत असे. आम्ही शाळा उर्दूत शिकलो, दुकान मराठीत चालविले. पण दोन्ही भाषांतील पत्रिका छापून घ्यायची तर छापखान्यात संगणक विंडोजचाच असे.

जून २००३ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात मायक्रोसॉफ्टची एकूण विक्री सुमारे ३२ अब्ज डॉलर होती. (एक अब्ज म्हणजे शंभर कोटी.) त्यापैकी सुमारे १० अब्ज, म्हणजे जवळपास एक तृतीयांश, केवळ संगणकांवरील विंडोजचे होते. दुसरा मोठा वाटा पत्रलेखन आणि आकडेमोडीच्या 'ऑफिस' या साधनांचा होता.

गिऱ्हाईक एकदाच येते

मग अडचण कोठे आली? या धंद्यात गिऱ्हाईक एकदा येते आणि पाच-सात वर्षे फिरकत नाही. नवा संगणक विकला गेला तरच नवी विंडोज विकली जाणार. शिवाय आपल्यासारख्या देशांत विक्रेते चोरून काढलेली प्रत संगणकात घालून देत. पावती कोणी मागत नसे, कोणी देत नसे. कंपनीस त्यातून एक पैसा मिळत नव्हता.

त्यातच मोबाइल आला. २००७ साली ॲपलचा आयफोन निघाला, २००८ साली गुगलच्या अँड्रॉइडवर चालणारा पहिला फोन आला. अँड्रॉइड प्रणालीसाठी गुगल फोन बनविणाऱ्याकडून विंडोजसारखी किंमत घेत नव्हते. जो माल शेजारी फुकट देतो, तो किमतीने विकणे कठीणच. २०११ नंतर जगातील संगणकांची विक्री काही वर्षे घटत गेली. मायक्रोसॉफ्टने मोबाइलमध्ये शिरण्यासाठी नोकियाचा फोन-व्यवसाय २०१४ साली ७ अब्ज डॉलरहून अधिक किमतीस घेतला आणि पुढच्याच वर्षी तेवढीच रक्कम तोट्यात दाखविली. मोठ्या व्यापाऱ्याचीही खरेदी फसते, ती अशी.

विक्री सोडून भाडे

कंपनी तगली ती दुसऱ्या वाटेने. माल विकण्याऐवजी तिने तो भाड्याने देणे सुरू केले.

२०११ साली 'ऑफिस ३६५' आले. पूर्वी ऑफिस एकदा घेतले की पुढे वर्षानुवर्षे वापरता येई. आता दरमहा किंवा दरसाल पैसे भरायचे; भरणे थांबले की काम थांबले. चोरीच्या प्रतीचा प्रश्नही त्यामुळे बराचसा मिटला, कारण खाते कंपनीकडे असते आणि कुलपाची किल्लीही तिच्याकडेच असते.

दुसरे भाडे याहून मोठे. त्याचे नाव 'अझूर'. २०१० साली ही सेवा व्यापारी तत्त्वावर सुरू झाली. बँक, विमा कंपनी, कारखाना, सरकारी खाते, सर्वांना मोठे संगणक लागतात. ते विकत घ्या, थंड खोलीत ठेवा, विजेची सोय करा, माणसे नेमा, हा मोठा खटाटोप. मायक्रोसॉफ्ट म्हणते, आमच्या इमारतीत आमचे संगणक आहेत. जेवढा वेळ वापराल, जेवढी जागा घ्याल, तेवढे भाडे द्या. आपल्याकडे लहान व्यापारी स्वतःचे गोदाम न बांधता दुसऱ्याच्या गोदामात गाठी ठेवतो, त्यातलाच हा प्रकार. यास 'क्लाउड' म्हणतात. नाव ढगाचे असले तरी सर्व व्यवहार जमिनीवर, विटा-सिमेंटच्या इमारतीत चालतो. २०१५ साली कंपनीने पुणे, मुंबई आणि चेन्नई येथील केंद्रांतून ही सेवा भारतात सुरू केली. त्यापैकी दोन ठिकाणे आपल्या महाराष्ट्रातच आहेत.

फेब्रुवारी २०१४ मध्ये हैदराबादचे सत्या नाडेला कंपनीचे प्रमुख झाले. त्यांनी या भाड्याच्या धंद्यास अग्रक्रम दिला. २०१८ साली तर विंडोजचा स्वतंत्र विभाग मोडून त्याची कामे इतर विभागांत वाटून दिली. ज्या गादीवर संस्थापक बसले, ती गादीच आतल्या खोलीत गेली म्हणा ना.

आजचा गल्ला

आता आकडे पाहू. जून २०२५ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात मायक्रोसॉफ्टची विक्री २८१.७ अब्ज डॉलर झाली. गल्ल्यात शंभर रुपये आले असे धरले तर सुमारे ४३ रुपये ऑफिस, लिंक्डइन आणि कंपन्यांच्या कामाची तत्सम साधने असलेल्या विभागातून आले. सुमारे ३८ रुपये अझूर व मोठ्या संगणकांच्या विभागातून आले; त्यात एकट्या अझूरची विक्री ७५ अब्ज डॉलरहून अधिक होती. उरलेले १९ रुपये विंडोज, खेळ, जाहिराती आणि कंपनीचे स्वतःचे संगणक, या सर्वांचे मिळून होते.

त्यात विंडोज आणि कंपनीचे स्वतःचे संगणक मिळून सुमारे १७ अब्ज डॉलर, म्हणजे शंभरात जेमतेम सहा रुपये. नोकरीधंद्याच्या ओळखीपाळखीसाठी वापरले जाणारे लिंक्डइन कंपनीने २०१६ साली २६ अब्ज डॉलरला घेतले होते. त्याचीही वर्षाची विक्री आता जवळपास तेवढीच आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. विंडोज बुडाले नाही. २००३ साली त्याची विक्री १० अब्ज होती, आज संगणकांसह १७ अब्ज आहे. पण तेवढ्याच काळात सबंध कंपनी जवळपास नऊ पट झाली. जुने दुकान आहे तेथेच आहे. त्याच्या मागे नवी पेठ उभी राहिली.

शेजाऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. विंडोज आता गल्ला नसून दरवाजा आहे. त्या दरवाजातून माणूस आत आला की त्यास कागदपत्रे ठेवण्याची भाड्याची जागा दाखविता येते, ऑफिसचे भाडे सुचविता येते, जाहिरात दाखविता येते. दरवाजातून जाण्याचे पैसे कोणता दुकानदार घेतो?

या दरवाजाची ताकद सरकारांनीही ओळखली. विंडोजसोबत स्वतःचा ब्राउझर गळ्यात मारल्याबद्दल अमेरिकन सरकारने १९९८ साली कंपनीवर खटला भरला. २००० साली न्यायाधीशांनी कंपनीचे दोन तुकडे करण्याचा हुकूम दिला. तो २००१ साली वरिष्ठ न्यायालयाने रद्द केला. युरोपात २००४ साली ४९.७ कोटी युरो दंड झाला. २०२३ साली युरोपने पुन्हा चौकशी लावली, ती ऑफिससोबत 'टीम्स' हे साधन जोडून दिल्याबद्दल. तक्रारीचे स्वरूप तेच. फक्त दरवाजा विंडोजचा नव्हता, ऑफिसचा होता.

अमळनेरचा धडा

हे सारे अमेरिकेचे झाले, आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. त्यांनी नंदुरबारला भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत बसावे आणि अमळनेरला उतरावे. तेथे २९ डिसेंबर १९४५ रोजी स्थापन झालेल्या वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स या कंपनीचा वनस्पती तुपाचा कारखाना मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी उभा केला. १९६६ साली त्यांचे निधन झाले आणि २१ वर्षांचे अझीम प्रेमजी अमेरिकेतील शिक्षण अर्धवट टाकून कारभार पाहू लागले. पुढे तूप आणि साबणाचा धंदा चालू असतानाच कंपनी संगणकाकडे वळली. आयबीएम १९७८ साली भारतातून गेली होती आणि बाजारात जागा मोकळी होती. कंपनीचे नाव लहान होऊन विप्रो झाले. २०१३ साली साबण-तेलाचे व्यवसाय वेगळ्या कंपनीत काढले गेले आणि विप्रो लिमिटेड ही पूर्णपणे संगणक-सेवेची कंपनी उरली. अमळनेरच्या ज्या कुटुंबांनी तिचे जुने समभाग जपून ठेवले, ती संपन्न झाली, हे खान्देशात सर्वांस ठाऊक आहे.

दोन्ही कंपन्यांत एक साम्य आहे. जुना माल चालत असतानाच, त्याच्याच नफ्यातून नवे काम उभे केले. तुपाच्या पैशाने संगणकाचे काम पोसले, तसे विंडोज-ऑफिसच्या पैशाने अझूर पोसले. जुना माल पडून राहिल्यावर नवे दुकान काढायला भांडवल उरत नाही. आमच्या पेठेत ज्यांनी लुगडी-धोतरे चालत असतानाच रेडीमेड आणि शाळेचे गणवेश ठेवले, ते टिकले. ज्यांनी ताग्यावरच भरवसा ठेवला, त्यांची शटरे आज बंद आहेत.

भाडेकरूची बाजू

मालकाची बाजू झाली; पण आपण या व्यवहारात भाडेकरू आहोत, हे विसरून चालणार नाही. आमचाच अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही हिशेबासाठी एक भाड्याची सेवा घेतली होती. होळीच्या बाजारात, सातपुड्यातील गिऱ्हाइकांनी दुकान भरलेले असताना, तिची मुदत संपली. जुनी बिले दिसत होती, नवे बिल निघेना. दोन दिवस हाताने पावत्या फाडल्या आणि उधारी कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहिली. त्यातील काही चिठ्ठ्या आजवर सापडल्या नाहीत. चूक आमचीही होती, तारीख आम्ही पाहिली नव्हती. पण कागदाची वही मुदत संपली म्हणून कधी मिटत नाही, हेही तितकेच खरे.

भाड्याच्या धंद्यात मालकासही खर्च चुकत नाही. विंडोजची प्रत फुकट निघत असे. अझूरसाठी मात्र जमीन, वीज, पाणी आणि यंत्रे लागतात. कृत्रिम बुद्धिमत्तेचे काम वाढल्याने त्या एका आर्थिक वर्षात अशा केंद्रांवर सुमारे ८० अब्ज डॉलर घालणार असल्याचे कंपनीने जानेवारी २०२५ मध्ये जाहीर केले होते. एवढे भांडवल घालणारा ते भाड्यातूनच वसूल करणार, हे सांगण्यास ज्योतिषी नको.

म्हणून आमच्या दुकानापुरते आम्ही तीन नियम केले आहेत. एक, कोणतीही भाड्याची सेवा घेताना महिन्याचा दर न पाहता पाच वर्षांची बेरीज करावी आणि एकदाच विकत मिळणाऱ्या साधनाशी ताडून पाहावी. दोन, हिशेबाची एक प्रत दर आठवड्यास स्वतःच्या डिस्कवर काढून तिजोरीत ठेवावी. तीन, भाड्याच्या मुदतीची तारीख भिंतीवरील कॅलेंडरवर लाल शाईने लिहावी; हंगामाच्या महिन्यात मुदत संपणारी सेवा घेऊच नये.

संगणक बदलावाच लागला. तो आम्ही बदलला. पण उधारीची मूळ वही अजून गल्ल्याशेजारी आहे. भाडे कोणासही द्यावे. वही मात्र आपल्याच हाती ठेवावी, एवढेच आमचे सांगणे.