शवपेटीला राळ लावायची नसते

1 जून ते 31 जुलै, बंदीचे 61 दिवस. होड्या वर ओढायच्या, जाळी दुरुस्त करायची आणि मेस्ताची वाट बघत बसायचं. आज त्या मेस्ताविषयीच लिहितो आहोत. नाव घालू नका असं त्याने बजावलंय. आपल्या जेटीवरच्यांना नावाची गरजही नाही, इथल्या निम्म्या लाकडी होड्यांवरून त्याचा हात फिरलेला आहे.

काही वर्षांपूर्वी त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. तेव्हापासून मंगळवार आणि शुक्रवार डायलिसिस, एकेका वेळी चार तास. मशीनसाठी डाव्या हातात फिस्टुला केलाय, म्हणजे शीर आणि धमनी एकमेकांना जोडलीय. त्या हाताने वजन उचलायचं नाही, त्याच्यावर दाब येऊ द्यायचा नाही. पाणी मोजून प्यायचं. शहाळं बंद, केळं बंद, खारं सुकं तर ताटाजवळही नाही. (सुईपेक्षा खारा बांगडा सुटला तेच त्याला जड गेलं, असं त्याची बायको सांगते.)

अशा माणसाने होडी कशी बांधावी? फणसाच्या ओल्या फळ्या वळवायला चार माणसं लागतात, काम महिनोन्महिने चालतं. त्यात फायबर आलं, तेव्हा लाकडी कामही कमीच झालेलं.

एकदा तो नात्यातल्या एका अंत्यविधीला गेला. मडगावहून आणलेली पेटी प्लायची होती, वर चकचकीत प्लास्टिकचा थर. त्याने हात फिरवून पाहिला आणि घरी येऊन बायकोला म्हणाला, "ही कुजणार कधी?" आपल्या गोव्यात बऱ्याच इगर्जांच्या कबरस्थानात जागा थोडी. काही वर्षांनी थडगं उघडतात, हाडं काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात आणि जागा दुसऱ्याला देतात. लाकूडच कुजलं नाही तर पुढचं सगळंच अडतं.

तिथून त्याने शवपेट्या करायला घेतल्या. एकट्याने, दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांत होईल एवढंच काम. पण जन्मभराची सवय उलटी करावी लागली. होडीत पाणी शिरू नये म्हणून काथ्या ठोकायचा, राळ भरायची, तांब्याचे खिळे मारायचे. पेटीत यातलं काहीच नको. आंब्याचं साधं लाकूड, गंजून जाणारे लोखंडी खिळे, पॉलिश नाही. पहिल्या पेटीच्या सांध्यात त्याने सवयीने राळ भरली होती. ती त्याने फोडून पुन्हा केली. रंधा मारायला दोन हात लागतात, म्हणून फळी शिकंज्यात आवळून उजव्या हातानेच हळूहळू मारतो.

शेडमध्ये सां जुजेची तसबीर आहे. आम्ही विचारलं, मरणाच्या सामानात दिवस काढताना मन खचत नाही का? तो म्हणाला, "सुतारांचा संत तोच आणि चांगल्या मरणासाठी प्रार्थना करतात तीही त्याच्याकडेच. मग मी वेगळं काय करतोय?" पहिला खिळा मारण्याआधी तो प्रार्थना म्हणतो, पेटी कोणाच्या नशिबी आहे हे ठाऊक नसताना. आपल्या आजाराबद्दल म्हणतो, "देवाने बरं केलं नाही. शुक्रवारपर्यंत पोचवतो, एवढं करतो."

इथे आपल्याला थोडं खरं बोलावं लागेल. पेट्या सुरू झाल्यावर आपल्यातल्याच काही मालकांनी त्याला होडीला हात लावू देणं बंद केलं. ज्या हातोडीने शवपेटी ठोकली ती नव्या होडीवर नको, अपशकुन होतो म्हणे. किरकोळ दुरुस्तीचा जो आधार होता तोही गेला. आम्ही तेव्हा गप्प बसलो. समितीत विषय निघाला होता, कोणी पुढे नेला नाही.

मग गेल्या पावसाळ्यात एका ट्रॉलरवरचा तांडेल झोपेतच गेला. मंगळवारची रात्र, मेस्त डायलिसिसहून येऊन आडवा पडलेला. तयार पेट्या सगळ्या 6 फुटी आणि तांडेल त्याहून उंच. पेटी सांगायला आला तो त्याचा मालक, अपशकुनाचं सगळ्यात मोठ्याने बोललेला. मेस्त काही बोलला नाही. खुर्ची शेडमध्ये आणायला सांगितली आणि बसून माप सांगू लागला. मालकाने फळ्या रंधल्या, मेस्ताच्या बायकोने खिळे मारले. पहाटे चारला पेटी झाली तेव्हा मालकाच्या तळव्यांना फोड आले होते. पैसे मेस्ताने नेहमीच्या दरानेच घेतले, एक रुपया कमी नाही आणि जास्तही नाही.

यंदा त्या मालकाची एक जुनी लाकडी होडी मेस्ताच्या शेडसमोर ओढून ठेवलेली आहे. दोन फळ्या बदलायच्या आहेत. बाकीचे मालक अजून लांबूनच बघताहेत.

कोणाला पेटी लागली तर रात्री-अपरात्री दार ठोठवायला हरकत नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी तो इस्पितळात असतो, त्या दिवशी माप त्याची बायको घेते. उंची नीट मोजून आणा.