आजीचे ठिपके आणि फोनचे ठिपके

एक छोटासा प्रयोग करून पाहू या. घरातल्या मोठ्या माणसांची परवानगी घेऊन एका मोबाइल फोनवर पांढरे शुभ्र चित्र उघडा. बोटाचे टोक पाण्यात बुडवून मोहरीच्या दाण्याएवढा एकच थेंब काचेवर ठेवा आणि त्यातून डोळा जवळ नेऊन पाहा. पाण्याचा थेंब बहिर्गोल भिंगाचे काम करतो. त्यातून पाहिले की पांढरा रंग नाहीसा होतो! तेथे दिसतात तांबडे, हिरवे आणि निळे असे बारीक ठिपके. (पाहून झाल्यावर काच लगेच पुसून टाका.)

फोनच्या पडद्यावरचे प्रत्येक चित्र अशा ठिपक्यांचेच असते. एका ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. त्यातले तीन रंग कमीअधिक तेजाने उजळले की आपल्या डोळ्यांना निरनिराळे रंग दिसतात. तांबडा आणि हिरवा उजळला व निळा विझला की पिवळा दिसतो. हळदीचे मात्र तसे नाही. हळद तिच्यावर पडलेल्या प्रकाशातला निळा भाग शोषून घेते आणि उरलेला परत पाठवते, म्हणून ती पिवळी दिसते. दोन्ही पिवळे आपल्याला सारखेच वाटले, तरी ते तयार होण्याची रीत वेगळी आहे.

आता आणखी काही ठिपक्यांकडे वळू. हे ठिपके तुमच्या उंबरठ्यापाशी असतात.

सात ते चार

ठिपक्यांची रांगोळी घालताना आजी किंवा आई काय म्हणते, हे कधी ऐकले आहे का? "सात ते चार." बस, एवढेच! याचा अर्थ असा : मधल्या ओळीत ७ ठिपके, तिच्या वर आणि खाली ६, मग ५, मग ४. प्रत्येक ठिपका शेजारच्या ओळीतील दोन ठिपक्यांच्या बरोबर मध्ये. ४+५+६+७+६+५+४ अशी बेरीज केली तर एकूण ३७ ठिपके होतात आणि त्यांचा षटकोन तयार होतो. ठिपके नीट पडले, तर आतल्या प्रत्येक ठिपक्याला सारख्याच अंतरावर सहा शेजारी मिळतात. मधमाशांच्या पोळ्यातल्या घरांची मांडणीही अशीच असते. ठिपके सरळ पडावेत म्हणून पुष्कळ घरांत वर्तमानपत्राच्या कागदाला उदबत्तीने भोके पाडून ठेवलेली असतात, ती याचसाठी.

याच रांगोळीचा फोनवर फोटो काढला तर काय होते? समजा, फोटो १००० ओळींचा आहे आणि प्रत्येक ओळीत १००० पिक्सेल आहेत. म्हणजे १० लाख पिक्सेल झाले. प्रत्येकाच्या तीन रंगांसाठी तीन आकडे धरले तर ३० लाख आकडे! फोन ते युक्तीने दाबून कमी जागेत बसवतो, ही गोष्ट वेगळी. पण इतके आकडे साठवूनही पहिला ठिपका कोणता, रेघ कोठून निघाली, हात कोठे वळला, हे त्यात नसते. फोटोत रांगोळी असते; रांगोळीची रीत नसते.

रीत माहीत असली की काय साधते पाहा. अंगण मोठे असेल तर आजी म्हणते, "आज नऊ ते पाच घालू." ३७ ठिपक्यांचे ६१ ठिपके झाले आणि नक्षी वाढली. फोटो मोठा करत गेलात तर मात्र शेवटी चौकोनी तुकडेच दिसू लागतात.

संगणकाच्या अभ्यासकांनाही या रितीचे मोल कळले होते. तामिळनाडूत अशाच ठिपक्यांच्या रांगोळीला कोलम म्हणतात. गिफ्ट सिरोमनी, रानी सिरोमनी व कमला कृतिवासन यांनी १९७४ मध्ये कोलमवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. भाषेला जसे व्याकरण असते तसे नियम लिहून संगणकावर कोलम कशी रचता येईल, हे त्यांनी त्यात मांडले. दारापुढे वाकून रांगोळी घालणाऱ्या बायका हे नियम कागदाविना पाठ ठेवत आल्या होत्या!

यात आपले काय जाते?

आज सणाच्या दिवशी नक्षी हवी असली की आपण फोन उघडतो. हजारो नमुने मिळतात. सांगितले की चित्र काढून देणाऱ्या संगणकप्रणालीही आता आल्या आहेत. पण त्या शिकतात ते आधी साठवलेल्या चित्रांवरून. तुमच्या आजीच्या गावची नक्षी कोणी कधी टिपलीच नसेल, तर ती त्यांना कोठून ठाऊक असणार? ती फक्त आजीच्या बोटांत आहे. तिच्याकडून कोणी शिकले नाही, तर ती तिच्याबरोबरच संपेल.

दुसरी गोष्ट अर्थाची. शाळेच्या भिंतीवर वारली चित्रे तुम्ही पाहिली असतील. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून माणूस काढणे सोपे आहे. परंतु पालघर-डहाणूकडच्या वारली घरांत लग्नाच्या वेळी सुवासिनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर जो चौक लिहितात, त्यात पालघट देवी असते. तो त्या लग्नाचाच भाग असतो. जिव्या सोमा मशे यांनी ही कला घराच्या भिंतीवरून कागदावर आणली आणि जगभर नेली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. आकार उचलला आणि अर्थ विचारलाच नाही, तर आपल्या हाती नुसते त्रिकोण उरतात.

वर्गात करून पाहा

याचा अर्थ फोन वैरी आहे असा नव्हे. त्यालाच कामाला लावा. घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या जाणत्या बाईंना विनंती करा आणि पहिल्या ठिपक्यापासून शेवटच्या रेघेपर्यंत त्यांचा हात चित्रित करा. वहीत लिहा : ठिपके किती? पहिली रेघ कोठून? नक्षीचे नाव काय? ती केव्हा घालतात? कोणाकडून शिकल्या? मग फोन बाजूला ठेवून तीच नक्षी आठवणीने काढा. चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेत स्मरणचित्र असते ना, तसेच हे.

शिक्षकांनी वर्गातल्या सर्वांच्या नक्ष्या एकत्र मांडाव्यात. कोणाकडे मांडणा असेल, कोणाकडे अरिपन, कोणाकडे कोलम. ज्यांच्या घरी रांगोळी घालत नाहीत, त्यांनी मेंदी, गोधडीचे टाके किंवा टोपलीची वीण आणावी. आणि मुलांनो, हे काम फक्त मुलींचे आहे असे समजू नका!

आज संध्याकाळी आजीजवळ बसा आणि एवढेच विचारा, "पहिला ठिपका कोठे ठेवायचा?"