डीएनए जुळला, पण आणखी कितीजणांशी जुळला असता?

‘आरोपीचा डीएनए जुळला’ असे वर्तमानपत्रात वाचले की खटला संपल्यासारखाच वाटतो. वस्तुतः तिथे अर्धेच काम झालेले असते. घटनास्थळीचे रक्त ‘ओ’ गटाचे आणि संशयिताचा गटही ‘ओ’, एवढ्यावर कोणी त्याला शिक्षा देणार नाही. आपल्याकडे साधारण दर तिसरा माणूस त्या गटाचा असतो. डीएनएलाही हाच प्रश्न विचारायचा: असे जुळणारे लोकसंख्येत किती?

न जुळण्याचे मात्र सोपे असते. इंग्लंडमध्ये लेस्टरजवळ १९८३ आणि १९८६ साली दोन मुलींचे खून झाले. सतरा वर्षांच्या एका मुलाने त्यातल्या एकाची कबुलीही दिली होती. अॅलेक जेफ्रीज यांनी डीएनए तपासला, तेव्हा दोन्ही खुनांमागे एकच माणूस असल्याचे आणि तो हा मुलगा नसल्याचे दिसले. मुलगा सुटला. त्यासाठी लोकसंख्येचा कोणताही तक्ता लागला नाही. तक्ता लागतो तो जुळल्यावर.

हल्ली तपासतात काय, ते पाहू. डीएनएची अक्षरे चारच: ए, टी, जी, सी. काही जागी चार अक्षरांचा एक तुकडा ओळीने पुन्हा पुन्हा येतो, आणि किती वेळा येतो ते माणसागणिक बदलते. अकराव्या गुणसूत्रावर टीएच०१ नावाची अशी जागा आहे. तिथे कोणाकडे तुकडा सहा वेळा, कोणाकडे नऊ वेळा आढळतो. एक आकडा आईकडून व एक वडिलांकडून येतो, म्हणून प्रत्येकाची एक जोडी असते; उदाहरणार्थ (६, ९).

समजा, काहीशे लोकांचे नमुने तपासून सहाचे प्रमाण ०.२ आणि नऊचे ०.१ निघाले. आईकडून सहा व वडिलांकडून नऊ, किंवा उलट. म्हणून (६, ९) जोडीचे प्रमाण २ × ०.२ × ०.१ = ०.०४, म्हणजे पंचवीसांत एक. एवढ्याने काही सिद्ध होत नाही. पण निरनिराळ्या गुणसूत्रांवरच्या अशा दहा जागा घेतल्या, तर पंचविसाचा दहावा घात होतो: सुमारे ९५ लाख कोटींत एक! जगाची लोकसंख्या ८०० कोटींच्या आसपास आहे. (प्रत्यक्षात आता वीस किंवा अधिक जागा तपासतात.) हा गुणाकार फळ्यावर करून दाखवण्यासारखा आहे.

मात्र गुणाकाराला एक अट असते. समजा, तालुक्याच्या बाजारात दहांत एक जण धोतर नेसणारा आणि दहांत एक टोपी घालणारा दिसला. मग धोतर-टोपी दोन्ही असणारे शंभरांत एक? तसे नाही, धोतरवाल्या आजोबांच्या डोक्यावर बहुधा टोपी असतेच. दोन गोष्टी एकमेकींपासून स्वतंत्र असल्या तरच गुणाकार खरा.

लेवॉन्टिन आणि हार्टल यांनी १९९१ साली नेमकी हीच शंका काढली. ‘गोरे’, ‘काळे’ अशा ढोबळ गटांच्या तक्त्यांत आतले उपगट लपतात, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्याकडे तर ही शंका अधिकच लागू. पिढ्यान्‌पिढ्या लग्ने जातीतच, त्यातही पोटजातीत. महाराष्ट्रातल्या बऱ्याच समाजांत मामाची मुलगी करण्याची चालही आहे. पूर्वज समान असले की तोच आकडा दोन्हीकडून मिळण्याचा संभव वाढतो. समजा, एका आकड्याचे प्रमाण ०.०५ आहे. तो दोन्हीकडून मिळालेले लोक ०.०५ × ०.०५ = ०.००२५, म्हणजे चारशेंत एक. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन मंडळाने १९९६ साली लहान, अलग राहिलेल्या समाजांसाठी ०.०३ ची दुरुस्ती सुचवली. तिने त्यात ०.०५ × ०.९५ × ०.०३ एवढी भर पडते आणि प्रमाण सुमारे २५५ त एक होते.

मग आरोपीच्या जातीचा तक्ता वापरावा का? मला हे पटत नाही. आरोपी निर्दोष असेल तर गुन्हा दुसऱ्या कोणीतरी केला आहे. त्या परिसरात हा ‘दुसरा’ कोणकोणत्या समाजांतला असू शकेल, त्या सर्वांचे तक्ते पाहायला हवेत आणि त्यातला आरोपीच्या बाजूने झुकणारा आकडा धरायला हवा.

सर्वांत मोठा फरक सख्ख्या भावामुळे पडतो. वरच्याच (६, ९) जोडीत दोन भाऊ जुळण्याचा संभव पंचवीसांत एक नसून जवळजवळ तिनांत एक असतो. दहाही जागा तशाच धरल्या तर ९५ लाख कोटींचा आकडा उतरून सुमारे ५६ हजारांवर येतो. म्हणून भावावर संशय असेल, तर त्याचाही नमुना घ्यावा लागतो.